न आलेलं आमेन

आमेन आलं नाही, तेव्हा उत्कर्षानं डोळे मिटलेलेच ठेवले.

प्रार्थना संपली होती. ‘येशूच्या नावानं मागते’ हे शेवटचे शब्द तिच्या ओठांवरून सुटून खोलीत कुठंतरी टेकले होते आणि त्यांच्या मागोमाग टेबलापलीकडून नेहमी येणारा तो एक शब्द आज आला नव्हता. पायल तो ‘आमीन’ असा म्हणे, बाकावरच्या मुसलमान मैत्रिणीच्या घरी ऐकलेल्या वळणानं, आणि म्हणताना जरा हसे. दुसऱ्याचा दागिना घालून पाहावा तशी. एक श्वास गेला, दुसरा गेला. खिडकीच्या जाळीत कबुतरानं पंख आपटले. खाली मैदानावर खो-खोची शिट्टी वाजली आणि मग तीही थांबली. शाळा सुटल्याचा जिन्यावरचा गलका विरत विरत तळाला गेला, तेव्हा पापण्यांच्या आतला तांबूस अंधार आपल्याला ऐकू येतो आहे असं उत्कर्षाला वाटू लागलं. तिनं प्रार्थना मनातल्या मनात उलटी चालून पाहिली, अंधारात सांडलेलं काही पायानं चाचपत जावं तशी. परीक्षा, पायलच्या आईची पाठ, डॉक्टरांच्या गोळ्या, झोप. हे सगळं पायलनं स्वतः सांगितलेलं. मग ते वाक्य. ‘आणि प्रभू, होटगीच्या फलाटावर हिच्याजवळ येऊन बसणाऱ्या वच्छलाबाईंबद्दल मी तुझे आभार मानते.’ तिथं तिचा पाय अडकला. अंगावर काटा आला तो पाठीतून नव्हे, जिभेच्या मुळापासून.

थोड्याच वेळापूर्वी पायल खुशीत होती. गड्ड्याच्या जत्रेतून आणलेली कागदी पिशवी तिनं टेबलावर ठेवली होती आणि आतून लोकरी मोज्यांचा एक तपकिरी जोड काढून दाखवला होता. होटगी स्टेशनावर संध्याकाळी एक म्हातारी भेटते, तिच्यासाठी. फलाटाची फरशी थंड पडते आणि म्हातारी अनवाणीच येते. लेकाची वाट बघते म्हणे. रोज सांगते की आज येणार, आणि लेक काही उतरत नाही. पदरात शेंगा बांधून आणते, कडक भाकरीचा तुकडा आणते, आणि कुणाची कोण, कितवीला आहेस, एवढा उशीर का, असलं काही म्हणून विचारत नाही. “पण लई आगाऊ हाय,” पायल म्हणाली होती. “सांजचं तिला नीट दिसत न्हाय, तरी फलाटाच्या पार कडंला जाती. गाडी आली की मीच दंडाला धरून मागं वढते तिला. परवा म्हणली, तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं पोरी.” हे सांगताना तिच्या आवाजात उत्कर्षानं आजवर न ऐकलेलं काही होतं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं असं कळलेल्या माणसाचा तो किंचित कुरकुरता, रुबाबदार स्वर. उत्कर्षा चेहऱ्यावरची रेष हलू न देता ऐकत राहिली होती. इतकंच नव्हे, तिनं विचारलंही होतं, नाव काय गं त्यांचं? पायलनं खांदे उडवले होते. “कुणाला ठावं. तिनं माझं विचारलं न्हाय, मी तिचं विचारलं न्हाय. आमचं तसंच हाय.” आणि मग, डोळे मिटण्याआधी, पायलनंच सांगितलं होतं, आज आज्जीला पण घ्या की प्रार्थनेत.

घेतलं होतं. नाव घेऊन घेतलं होतं, कारण नावावाचून प्रार्थना करायची तिच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. देवाला मोघम सांगू नये, असं पप्पा म्हणत. शहराच्या पूर्वेकडच्या, मागांच्या खटखटाटानं भिंतींना सतत कापरं भरलेल्या त्या बोळात दिवेलागणीला पप्पा सगळ्यांना चटईवर बसवत आणि एकेक नाव घेत जात. मागावर उभा राहून पाय सुजलेला येडू, त्याची खोकणारी आई, नळाला पाणी सोडणारा बिरप्पा, दवाखान्यात पप्पांच्या हातून औषधाची बाटली नेलेली माणसं, आणि त्यांच्याशी भांडलेली माणसंही. येडूच्या आईला आपलं नाव रोज भिंतीपलीकडून ऐकू येई. एखाद्या दिवशी ते सुटलं तर ती सकाळी दारात येऊन अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत तक्रार करी. त्या नावांच्या माळेत उत्कर्षा वाढली. फक्त एकदा, सहा-सात वर्षांची असताना, तिनं मध्येच डोळे उघडले होते आणि समोर आई, पप्पा, भाऊ, सगळ्यांचे मिटलेले, किंचित वर उचललेले, कुणालाही न पाहणारे चेहरे होते. ओळखीची माणसं एका क्षणात मेलेल्यांसारखी दिसली होती. ती किंचाळली नाही. तिनं घाईघाईनं डोळे पुन्हा मिटले आणि पप्पांच्या आमेनची वाट पाहत राहिली, कारण ते आलं की सगळे पुन्हा जिवंत होणार होते. आमेन हा शब्द तिच्या लेखी तेव्हापासून तेवढाच होता: माणसं परत आल्याची खूण. आज तो आला नव्हता, आणि डोळे उघडल्यावर समोर कुठला चेहरा असेल, मुळात चेहरा असेल की नुसती खुर्ची, हे तिला पाहवणार नव्हतं.

दर गुरुवारी ती आणि तिच्या चर्चमधली राजेश्वरी मुलांशी बोलायला शुक्रवार पेठेतल्या या शाळेत येत. प्रयोगशाळेशेजारची ही अरुंद खोली, भिंतीला टेकवलेले गुंडाळलेले नकाशे, काचेच्या कपाटात रसायनात पांढुरका पडलेला बेडूक, आणि दार, जे लोखंडी आकडा लावून उघडंच ठेवायचं. दार उघडं, हात टेबलावर, मुलानं मागितल्याशिवाय प्रार्थना नाही, आईबापांची संमती घेतल्याशिवाय बसणंही नाही. मुख्याध्यापिकाबाई चांगल्या होत्या, पण त्याही अलीकडे आवाज खाली आणून म्हणत की बाहेर कुणी विचारलं तर नुसतं ‘मुलांशी बोलतो’ म्हणा. दिवाळीनंतर फाटकाशी दोन माणसं उभी राहून गेली होती. काही बोलली नव्हती, फक्त राजेश्वरीच्या स्कूटरचा फोटो काढला होता. तेव्हापासून उत्कर्षा शाळेच्या पायऱ्या चढताना आपल्या पर्सची चेन लागली आहे ना, हे उगाच तपासत असे, जणू आत काही चोरीचं आहे. मुलं मात्र येत. बहुतेक जण बोलायलाच येत. नापास होण्याबद्दल, घरातल्या आरडाओरड्याबद्दल, मोबाइल फुटल्याबद्दल. प्रार्थना मागणारी थोडी. पायलनं ती मागितली तेव्हा उत्कर्षानं विचारलं होतं, तुला का हवी? पायल दहावीतली, होटगीच्या शेतकरी घरातली, देवळात जाणारी, उपास धरणारी मुलगी. ती म्हणाली होती, “तुमी डोळे मिटता ना, ते बरं वाटतं. तेवढा येळ कोण बघत न्हाय माझ्याकडं.” उत्कर्षाचा पेशा दिवसभर लोकांच्या बुबुळांत उजेड टाकून पाहण्याचा, चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या काळोख्या खोलीत ती माणसांना हनुवटी टेकवायला सांगते आणि त्यांच्या डोळ्यांच्या तळापर्यंत जाऊन येते. न पाहणं हीही एखाद्याला देता येण्याजोगी गोष्ट आहे, हे तिला त्या दिवशी एका शाळकरी मुलीकडून कळलं होतं. तेव्हापासून ती पायलसाठी डोळे जास्तच घट्ट मिटत असे.

आणि त्याच मुलीवर आपण पहारा बसवला. हे वाक्य तिच्या आत कुणीतरी दुसऱ्यानं उच्चारल्यासारखं उमटलं. ती ते नाकारू पाहत होती. राजेश्वरीला पायलनं जे सांगितलं ते ऐकून कुणीही जे केलं असतं तेच त्यांनी केलं होतं. पावसाळा सरताना कधीतरी पायल म्हणाली होती की गाडीतून उतरल्यावर ती घरी जात नाही. फलाटाच्या त्या टोकाला जाते जिथं पत्रे संपतात, आणि मागून येणाऱ्या गाड्या जाऊ देते. “गाडी याया लागली की जमीन हालती की. ती पायातनं वर येती. तवा डोक्यातलं सगळं बंद होतं. मग वाटतं, असंच बंद राहिलं तर.” कारण विचारलं तर कारण नव्हतं. कुणी मारलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं, मार्क बरे होते. कारण असतं तर बरं झालं असतं, असं राजेश्वरी नंतर जिन्यात उत्कर्षाचा हात धरून म्हणाली होती, कारणाशी निदान भांडता येतं. मग पायलला विचारूनच मुख्याध्यापिकांना सांगितलं, आईला बोलावलं. आई ज्वारीच्या रानातून तशीच आली होती, पायाला माती होती, आणि सगळं ऐकून झाल्यावर तिनं फक्त पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत विचारलं होतं, एवढं कशाला गं पोटात ठिवलंस. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. पण आई रानात, बाप कारखान्यावर, आणि शाळा ते घर यांच्यामध्ये ती एक गाडी, तो एक फलाट रोज उरतच होता. कोण कोण जाणतं, हे पायलला नेमकं ठाऊक होतं: आई, मोठ्या बाई, राजेश्वरीताई, उत्कर्षाताई, डॉक्टर. ती बोटांवर मोजून दाखवत असे, कुंपणाचे खांब मोजावेत तशी, एकही जास्त नाही याची खात्री करून.

खांब जास्त होते. बुधवारच्या घरप्रार्थनेत राजेश्वरीनं विनंती ठेवली होती. तीही मोठ्या काळजीनं, ‘होटगीची एक मुलगी’ एवढंच म्हणून. फलाटाचं मात्र सांगितलं, कारण न सांगता काय मागायचं? पायलचं नाव त्या बैठकीत कुणालाही कळलं नाही. त्या नावाभोवती त्यांनी किती जपून हात धरले होते, वाऱ्यात ज्योतीभोवती धरावेत तसे. दुसऱ्याही एका नावाला जपावं लागेल, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या वच्छलाबाई म्हणाल्या, होटगीच्या फलाटावर ना, मग मी जाऊन बसते की, मला संध्याकाळी काय काम आहे. त्यांचे यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावरही त्या होटगी स्टेशनाच्या क्वार्टरांच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. कुणीतरी म्हटलं की मुलीला कळता कामा नये. त्या म्हणाल्या, कळायला मी काय पोलीस आहे का. आणि खरोखरच त्यांनी ते काम तसं केलं नव्हतं, हे आज पायलच्या तोंडून ऐकताना उत्कर्षाला कळलं होतं. त्या मुलीला राखायला गेल्या नव्हत्या. त्या स्वतःच राखण्याजोग्या झाल्या होत्या. पत्रे संपतात तिथं, त्या टोकाला, त्या मुलीच्या पुढं जाऊन कडेशी उभ्या राहत, म्हणजे मुलीला मागं उभं राहून त्यांचा दंड धरावा लागे. संध्याकाळचं दिसत नाही म्हणून. आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाल्यावर, त्या काळोख्या खोलीत, शेवटची सगळ्यात बारीक ओळ त्यांनी घडघडा वाचून दाखवली होती ती उत्कर्षालाच. तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, असं ती त्यांना म्हणाली होती.

किती सुंदर आहे हे, असं आज पायल मोजे दाखवत असताना तिला वाटून गेलं होतं. त्या सौंदर्याच्या भरातच ती डोळे मिटून बोलायला लागली होती, आणि कृतज्ञता जेव्हा घशाशी आली तेव्हा तिनं तेच केलं जे पप्पांनी शिकवलं होतं. आता त्या सौंदर्याची दुसरी बाजू तिच्या पापण्यांवर आतून दाबत होती. ती मुलगी काही महिने कुणाला तरी कडेवरून मागं ओढत होती आणि म्हणून स्वतः मागं राहत होती. तो दंड आता तिच्या हातातून काढून घेतला गेला. प्रार्थनेत काढून घेतला गेला, डोळे मिटलेले असताना, कुणी पाहत नसताना, जिथं तिला सगळ्यात सुरक्षित वाटत होतं तिथं. साडेपाच वाजत आले असतील. गाडीला अवकाश होता, पण फार नव्हता. राजेश्वरी केम गावी सासूच्या आजारपणाला गेली होती. ती असती तर हे घडलं नसतं, किंवा घडलं असतं तर तिच्या मांडीवर डोकं टेकून पायल रडली तरी असती. उत्कर्षाच्या मांडीवर आजवर कुणी डोकं टेकलेलं नव्हतं. आणि याच क्षणी, इतक्या सगळ्याच्या खालून, चिखलातून बुडबुडा यावा तसा एक विचार वर आला: ही आता घरी जाऊन काय सांगेल? की ख्रिस्ती बायकांनी पोरीवर माणसं लावली, स्टेशनावर खाऊ दिला, नाव लपवलं. फाटकाशी उभी राहिलेली ती दोन माणसं तिला दिसली, स्कूटरचा फोटो दिसला, आपल्या दुकानाची काच फुटलेली दिसली. तो विचार आला आणि त्याच्या मागोमाग आपल्या भीतीचा वास तिला आला, ओल्या फडक्यासारखा. समोर एक मुलगी काठावर उभी आहे आणि मी माझ्या दुकानाची काच मोजते आहे. तिला वाटलं, डोळे मिटून माणूस जे खरंखुरं मागतो ते तोंडानं मागितलेलं नसतंच. ती एवढा वेळ काय मागत होती? पायलनं काही बोलू नये, एवढंच. आमेन म्हणावं आणि काही बोलू नये.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला नव्हता. श्वास ऐकू येत नव्हता. कपाटातला बेडूक, गुंडाळलेले नकाशे, टेबलावरचे मोजे. या सगळ्यांनी मिळून धरलेला तो शांतपणा आता इतका ताणला गेला होता की त्याच्यापेक्षा काहीही बरं, असं वाटून उत्कर्षानं डोळे उघडले.

पायल समोरच होती. तिचे डोळे उघडे होते. ते केव्हापासून उघडे होते, कोण जाणे. त्या वाक्यापासून असतील, आणि त्यानंतरची सगळी प्रार्थना, सगळा शांतपणा, मिटल्या पापण्यांवरची सगळी भीती तिनं उजेडात स्वच्छ पाहिली असेल. ती रागावलेली दिसत नव्हती. गणित चुकलं कुठं ते शोधणाऱ्या मुलीसारखी कपाळाला एक आठी होती, एवढंच.

“तुमाला नाव कसं ठावं?”

उत्कर्षाच्या समोर खोटी उत्तरं ओळीनं येऊन उभी राहिली, आणि सगळी चांगली होती. होटगीला आमची मंडळी राहतात, मला वाटलं त्याच असतील. एकदा चष्म्याला आल्या होत्या. तूच मागे कधीतरी म्हणालीस. यांतलं एखादं उत्तर दिलं तर संध्याकाळ वाचणार होती. मुलगी मोजे घेऊन जाईल, दंड धरील. पण पायल तिच्याकडे पाहत होती, आणि दिवसभर डोळे पाहणाऱ्या त्या बाईला कळलं की या नजरेला आता अंदाज आलेला आहे, आता खोटं दिलं तर ते या मुलीच्या हातात राहणार नाही, पायाखाली जाईल.

तिनं सांगितलं. वच्छलाबाई आमच्यातल्या आहेत, राजेश्वरीताईनं बुधवारी तुझ्यासाठी प्रार्थना मागितली होती, तुझं नाव सांगितलं नव्हतं, त्यांनी आपण होऊन म्हटलं की मी जाऊन बसते. सांगताना आपण प्रत्येक वाक्याला एक कैफियत जोडतो आहोत, हे तिला ऐकू येत होतं.

पायलनं सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे लावून दिलेली,” ती म्हणाली.

“तसं नाही, पायल.”

“गुरं राखाया लावत्यात की, तशी.” आवाज चढला नव्हता. तिनं मोज्यांच्या जोडाला लावलेला दोरा नखानं सोडवायला घेतला. “किती जण होते तितं?”

“दहा-बारा असतील.”

पायलची बोटं थांबली. त्या बोटांवर आजवर जेवढी माणसं मावत होती त्यांच्यापलीकडची ही माणसं कुठं ठेवावीत, हे तिला कळत नसावं. मग तिनं तो प्रश्न विचारला, जो येणार हे उत्कर्षाला ठाऊक होतं.

“तिला दिसतं?”

त्या काळोख्या खोलीतली प्रकाशाची पट्टी, हनुवटी टेकवून बसलेल्या वच्छलाबाई, आणि सगळ्यात बारीक ओळ.

“दिसतं.”

“चांगलं दिसतं?”

“चांगलं दिसतं.”

“कडंला जाती ती…” पायल एवढंच म्हणाली आणि एकदा हसली; नाकातून आलेलं, लहान, कोरडं हसू. उत्कर्षाला त्या हसण्याची जितकी भीती वाटली तितकी शांततेचीही वाटली नव्हती. या मुलीनं रडावं, आरडावं, मोजे तोंडावर फेकावेत, असं तिला जीव तोडून वाटलं. पायल खिडकीबाहेर पाहत होती. तिकडे पाहण्यासारखं काही नव्हतं. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, आणि दिवस कलल्यावर सोलापूरच्या आभाळाला येतो तो धुरकट, मातकट रंग.

“आन् लेक?” तिनं तिकडेच बघत विचारलं. “लेक तरी हाय का तिला?”

“आहे. सोमेश नाव त्याचं.” आणि मग उत्कर्षाला काहीतरी आठवलं, जे आजवर तिनं पाहिलं होतं पण तिला दिसलं नव्हतं. “बरीच वर्षं झाली, तो येत नाही. कुठं आहे तेही धड माहीत नाही. पायल, बुधवारी आम्ही सगळे आपापल्या माणसांची नावं घेतो. वच्छलाबाई सगळ्यांच्या मुलांची घेतात, आजारी शेजाऱ्यांची घेतात. त्याचं नाव त्या कधीच घेत नाहीत. आम्हाला वाटायचं, विसरल्या.” “वाट बघते म्हणाल्या ना तुला? आम्हाला ते कधी बोलल्या नाहीत. ते त्यांनी फक्त तुला सांगितलंय.”

पायल तिच्याकडे वळली. आठी तशीच होती, पण डोळ्यांत काहीतरी थांबल्यासारखं झालं होतं, फाटकापाशी येऊन कुणी आत यावं की नाही असं उभं राहावं तसं. तेवढ्या आशेवर उत्कर्षाचा हात नकळत पर्सकडे गेला, चेन सरकली, फोन हाताला लागला. आणि पायलनं ते पाहिलं.

“फोन करणार आता.” तो प्रश्न नव्हता.

हात मागं घेता आला असता. नाही म्हणता आलं असतं, आणि ती जिन्याच्या वळणावर गेली की करता आला असता. आजवर सगळं तसंच तर केलं होतं, तिच्या पाठीमागं, तिच्या भल्यासाठी. उत्कर्षानं फोन बाहेर काढला आणि टेबलावर, मोज्यांच्या शेजारी, तिला दिसेल असा ठेवला.

“करणार. तुझ्या आईला करणार, आणि वच्छलाबाईंनाही करणार. मला फार भीती वाटतेय पायल, आणि ती मी आता लपवणार नाही.” आपल्या तोंडून हे असं, देवाला नव्हे, एका माणसाला, उघड्या डोळ्यांनी सांगितलं गेलं याचं तिला आश्चर्य वाटलं. प्रार्थनेपेक्षा ते कठीण होतं. “आईला काय सांगायचं ते मला कळतं. त्यांना काय सांगू, ते मला कळत नाही. त्या आता निघाल्या असतील घरून. अनवाणीच असतील. तू गाडीतून उतरशील तेव्हा त्या तिथं, त्या टोकाला असतील. तू येणार आहेस म्हणून सांगू, की नको?”

खाली शिपायानं वर्गांची दारं लावायला सुरुवात केली होती. एकेक कडी पडल्याचा आवाज लांबून जवळ येत होता. पायल उठली. तिनं दप्तराचा पट्टा खांद्यावर घेतला, वेणी पट्ट्याखालून ओढून मोकळी केली. मोजे तिनं उचलले, दोरा सुटलेला असल्यामुळे एक खाली पडला, तो वाकून घेतला, आणि दोन्ही हातात तसेच चुरगाळून धरले. दाराशी आकड्याजवळ ती क्षणभर थांबली, जणू दार कधी बंद नव्हतंच हे तिला आत्ता दिसलं.

“पायल,” उत्कर्षा म्हणाली. “काय सांगू?”

पायलनं हातातले मोजे पुन्हा एकात एक गुंडाळले, दप्तरात घातले, आणि गाडी गाठायची असल्यासारखी भरभर जिना उतरू लागली.